सिलिंडर राहू द्या, आधी दार उघडा

वाचकाचं पत्र :

सप्रेम नमस्कार. आम्ही चिंचवडला फ्लॅटमध्ये राहतो. तिसरी बेडरूम रिकामी होती, तिथे मी गेल्या दिवाळीनंतर घरातली शेती सुरू केली. खोली १० बाय ११ फुटांची, उंची साडेनऊ फूट. तीन कप्प्यांचा लोखंडी रॅक आहे, प्रत्येक कप्पा ४ बाय २ फुटांचा, आणि त्यावर २० वॉटच्या दोन-दोन एलईडी ट्यूब. पाण्यातलं लेट्यूस, बेसिल आणि थोडा पालक लावतो. खिडकीला फॉइल लावून ती बंद केली आहे, स्प्लिट एसी २४ वर असतो आणि दार सतत बंद. ट्यूब सकाळी सहा ते रात्री आठ चालू. पाच आठवडे झाले तरी लेट्यूसचा एक गड्डा जेमतेम ४० ग्रॅम भरतो. देठ लांबतात, रोपं आडवी पडतात आणि आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात.

एका कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने आणलेल्या मीटरवर खोलीतला कार्बन डायऑक्साइड ४०० दिसला. तो म्हणाला, झाडं उपाशी आहेत, १२०० हवा. १० किलोचा सिलिंडर, रेग्युलेटर, टायमर असा सेट चाळीस हजारांच्या आसपास सांगितला. मित्र म्हणतो, एवढे पैसे कशाला, बाटलीत साखर आणि यीस्ट घाल. आईचं म्हणणं वेगळंच. रात्री झाडं विषारी वायू सोडतात आणि शेजारच्या खोलीत चार वर्षांचा नातू झोपतो, तेव्हा हे सगळंच बंद कर. सेट घ्यावा का? पुढे केशर करायचा विचार आहे, त्याला तरी गॅस लागेल ना?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

सेट घेऊ नका. का ते सांगते, आणि सुरुवात त्या मीटरवरच्या ४०० पासूनच करते, कारण माझा संशय तिथूनच सुरू झाला.

४०० म्हणजे ४०० पीपीएम, हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत हा आकडा पहिल्यांदा दिसला तो मे २०१३ मध्ये. त्यानंतर तो वाढतच गेला आणि आज मोकळ्या हवेतलं प्रमाणच ४२० च्या वर आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या वाहनांच्या गर्दीत ते त्याहून थोडं जास्तच भरेल. आता तुमच्या बंद खोलीत तुम्ही उभे, तो विक्रेता उभा, दोघंही बोलताय, म्हणजे श्वास सोडताय, आणि मीटर म्हणतंय ४००. बाहेरच्यापेक्षाही कमी! ते मीटर बहुधा कार्बन डायऑक्साइड मोजतच नव्हतं. बाजारातली बरीच स्वस्त यंत्रं हवेतल्या इतर वाफा मोजतात आणि त्यावरून अंदाजाने कार्बन डायऑक्साइडचा आकडा दाखवतात. त्यांतल्या कित्येकांचा आकडा ४०० पासूनच सुरू होतो, त्याखाली जात नाही. ओळखायचं कसं? यंत्राजवळ हाताला सॅनिटायझर चोळा. आकडा एकदम हजारावर उडाला तर ते यंत्र आपल्या कामाचं नाही. इन्फ्रारेड किरणांनी मोजणारं, म्हणजे ज्यावर 'एनडीआयआर' असं लिहिलेलं असतं ते मीटर घ्या. आणल्यावर आधी गॅलरीत अर्धा तास ठेवा. तिथे ४२० ते ४६० च्या दरम्यान आकडा आला, तर खोलीतल्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. सगळ्या खरेदीत एवढी एकच गोष्ट मी तुम्हाला लगेच घ्यायला सांगेन.

आता रोपांकडे वळू. लांबलेले देठ आणि आडवी पडणारी रोपं हे वायूच्या कमतरतेचं लक्षण नाही. रोप उजेड शोधत वर धावतंय. तुमच्या एका कप्प्यावर ४० वॉट आहेत. ट्यूबमधून निघणाऱ्या उजेडातला बराचसा भाग भिंतीवर आणि जमिनीवर सांडतो. पानांवर पोचतो तो माझ्या हिशेबाने तीन-साडेतीन हजार लक्स असेल. मोबाइलवर लक्स मोजायचं अ‍ॅप मिळतं, ते फारसं अचूक नसतं, पण एवढ्या कामाला पुरे. फोन पानांच्या उंचीवर आडवा धरून बघा. लेट्यूसला चौदा तास दिवे लावायचे असतील, तर पांढऱ्या एलईडीखाली १४,००० लक्सच्या आसपास उजेड हवा. म्हणजे तुमची झाडं पाव उजेडावर जगतायत.

विक्रेता खोटं बोलला असंही नाही. कार्बन डायऑक्साइड हजारपर्यंत वाढवला की पालेभाज्यांची वाढ साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढते, हे हरितगृहांत वर्षानुवर्षं अनुभवलेलं आहे. कमी उजेडातही थोडा फायदा होतोच. पण हे टक्के कशाचे, ते विचारायला हवं. ४० ग्रॅमच्या गड्ड्यात २५ टक्क्यांची भर पडली तर तो ५० ग्रॅमचा होईल. उजेड चौपट केलात, तर तोच गड्डा तेवढ्याच दिवसांत दीडशेच्या घरात जायला हवा. केंब्रिजमधल्या फ्रेडरिक ब्लॅकमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ मध्येच मांडून ठेवलंय की प्रकाशसंश्लेषणाचा वेग ज्या घटकाची सगळ्यात जास्त टंचाई असेल त्यावर ठरतो. ज्याच्या पानात अजून भाजीच पडलेली नाही, त्याला चौथी पोळी वाढण्याचा आग्रह कशाला?

उजेड वाढवायचा तर साध्या ट्यूबची संख्या वाढवत बसू नका. तशा ट्यूबनी १४,००० लक्स गाठायला तिन्ही कप्प्यांना मिळून ४८० वॉट तरी लागतील. झाडांसाठी बनवलेल्या चांगल्या एलईडी पट्ट्यांत तेच काम सव्वादोनशे वॉटच्या आसपास होतं. चौदा तासांचे रोजचे तीन युनिट धरा. दिवे घेताना नुसते वॉट विचारू नका. एका जूल विजेत प्रकाशाचे किती मायक्रोमोल (झाडांच्या उपयोगाचा उजेड मोजायचं एकक) मिळतात ते विचारा. अडीचच्या पुढे असेल तर घ्या. विक्रेत्याला हा आकडा सांगता आला नाही, तर दुसरं दुकान बघा. कप्प्यांच्या तिन्ही बाजूंना पांढरा फ्लेक्स किंवा थर्माकोल लावलात, तर बाहेर सांडणारा उजेडही कामी येईल.

करपलेल्या कडांचं कारण वेगळं आहे, आणि इथे तुमच्या बंद दाराचा दोष आहे. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांना कॅल्शियम कमी पडलं की त्यांच्या कडा मरतात. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून पाण्याची वाफ होते तिथेच जास्त पोचतं. गड्ड्याच्या आत हवा साचलेली असते, तिथून वाफ होत नाही, म्हणून ती पानं कॅल्शियमविना राहतात. द्रावणात आणखी कॅल्शियम ओतून हे बरं होत नाही. (तुम्ही आरओचं पाणी वापरत असाल तर मात्र कॅल्शियम नायट्रेटचं प्रमाण तपासा, कारण आरओमध्ये पाण्यातलं मूळचं कॅल्शियम निघून जातं. बोअरच्या पाण्यात बहुधा ते भरपूर असतं.) उपाय साधा आहे. प्रत्येक कप्प्याला एक छोटा क्लिपचा पंखा लावा आणि पानं हलकी डुलतील एवढाच वारा राहू द्या. आणि इथे एक गोम आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की पानं आपली रंध्रं थोडी मिटून घेतात. मग वाफ आणखी कमी होते, वाढ जोरात होते आणि करपणं वाढतं. म्हणजे आजच्या स्थितीत सिलिंडर बसवलात, तर ज्या करपण्याने तुम्ही वैतागलात तेच जास्त दिसेल.

आणखी एक गैरसमज बऱ्याच घरांत असतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. दार बंद, खिडकी बंद आणि एसी चालू, म्हणजे तुमच्या झाडांना दिवसभर तीच ती हवा.

हा वायू मुळात झाडाला जास्त का मानवतो ते थोडं सांगते, कारण त्यातच कुठे तो वापरावा आणि कुठे नाही याचं उत्तर आहे. हवेतला कार्बन पकडण्याचं काम पानांतलं रुबिस्को नावाचं एंझाइम करतं. पृथ्वीवरचं जवळजवळ सगळं अन्न त्याच्या हातून जातं, पण कामात ते तसं गबाळं आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे २,१०,००० पीपीएम, आणि कार्बन डायऑक्साइड ४२०. एवढ्या गर्दीत रुबिस्को २५ अंश तापमानाला साधारण चार-पाच वेळांत एकदा चुकून ऑक्सिजनच पकडतं आणि ती चूक निस्तरायला झाडाला आधी मिळवलेली ऊर्जा खर्चावी लागते. तापमान वाढलं की चुकाही वाढतात. कार्बन डायऑक्साइड जास्त असला की चुकीची पकड कमी होते. हा त्याचा मोठा फायदा. ऊस, मका, ज्वारी या पिकांनी मात्र पानांतच कार्बन डायऑक्साइड एकवटून रुबिस्कोपर्यंत पोचवायची सोय केलेली आहे. त्यांना बाहेरून वायू दिला तरी फारसा फरक पडत नाही. कुणी उसाच्या रोपवाटिकेला असा सेट विकायला आला, तर त्याला चहा देऊन परत पाठवावं.

आता तुमच्या खोलीचा हिशेब मांडू. तुमची खोली साधारण ३० घनमीटर. तिथला कार्बन डायऑक्साइड ४२० वरून हजारच्या जरा वर न्यायला १८ लिटर वायू लागेल, वजनाने ३२ ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण खोली हवाबंद नाही. दाराच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून दोन तासांत एकदा हवा बदलते असं धरलं, तर तासाला १६ ग्रॅम वायू नुसता निसटून जाईल. दिवे चौदा तास. झाडांनी खाल्लेला धरून महिन्याला सात-आठ किलो. त्यातला झाडांच्या पानांत जाईल तो चांगला उजेड दिल्यावरही सव्वा किलोच्या आसपास. तुमच्या सध्याच्या उजेडात तर सगळी रोपं मिळून तासाला ग्रॅमभरसुद्धा ओढत नसतील. उरलेला वायू दाराखालच्या फटीतून घरात जाणार, आणि शेजारच्या खोलीत कोण झोपतं ते तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या आईंचं झाडांबद्दलचं म्हणणं चुकीचं आहे. रात्री झाडं श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं, पण तीन कप्पे पालेभाजी रात्रभरात जेवढा सोडते, त्यापेक्षा कितीतरी जास्त तो नातू स्वतः झोपेत सोडतो. सिलिंडरबद्दल मात्र त्यांची भीती रास्त आहे. कामाच्या जागी आठ तासांसाठी ५,००० पीपीएम ही मर्यादा जगभर वापरतात. ४०,००० ला तिथून ताबडतोब बाहेर पडायला हवं. १० टक्क्यांच्या वर माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो, हवेत ऑक्सिजन असला तरी. १० किलोच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह रात्री बिघडला आणि सगळा वायू त्या बंद खोलीत सुटला, तर प्रमाण १५ टक्क्यांच्या वर जातं. त्यातला फक्त एक किलो सुटला तरी १८,००० पीपीएम. वास नाही, रंग नाही. सुटणारा वायू गार आणि हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे आधी जमिनीलगत साचतो आणि आपल्याकडे मुलं बऱ्याचदा खाली गादीवरच झोपतात. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. तिथल्या माणसांना पीपीएम माहीत असायची गरज पडली नाही.

त्यात आपला उन्हाळा. सिलिंडरमध्ये हा वायू द्रवरूपात भरलेला असतो आणि २० अंशांना त्याचा दाब हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट असतो. ३१ अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही आणि पुढे प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, की ती खोली किती तापेल? सिलिंडर भरणं, साठवणं, नेणं याला २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. विक्रेत्याकडे सिलिंडरच्या चाचणीची तारीख आणि भरणाऱ्याचा परवाना मागून बघा. मागितल्यावर चेहरा कसा होतो त्यावरूनही बरंच कळतं.

मित्राच्या बाटलीचं बघू. एक किलो साखर यीस्टने पूर्ण आंबवली तर जेमतेम अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही आठवडाभरात. म्हणजे तासाला तीन ग्रॅम. तुमच्या खोलीत त्याने शंभरेक पीपीएम वाढतील, आणि खोलीला ताडीच्या दुकानाचा वास येईल. झाकण घट्ट लावलंत तर बाटली फुटेल. ही युक्ती आली मत्स्यालयवाल्यांकडून, आणि तिथे ती बरोबर आहे. पाण्यात हा वायू हवेपेक्षा दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पाण्याखालच्या झाडाला खरोखरच तो कमी पडतो. शिवाय टाकीतलं पाणी असतं किती? खोलीचं गणित निराळं. खायचा सोडा आणि व्हिनेगर हाही प्रकार कुणीतरी सुचवेलच. तासाला १६ ग्रॅम वायूसाठी ३० ग्रॅम सोडा आणि जवळजवळ अर्धा लिटर व्हिनेगर लागेल, दर तासाला. हा वायू सोडणाऱ्या आळिंबीच्या (मशरूमच्या) पिशव्या टांगायच्या म्हणाल, तर धिंगरी आळिंबीच्या बीजाणूंनी खोकला आणि दमा होऊ शकतो, लहान मूल असलेल्या घरात नकोच. आणि बंद खोलीत गॅसची शेगडी पेटवून वायू मिळवायचा विचार कुणी डोक्यात घातला, तर तो तिथल्या तिथे काढून टाका. अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो माणसं मारतो. त्याच धुरातल्या इथिलीनने पानंही पिवळी पडून गळतात.

मग फुकटचा वायू कुठे आहे? तुमच्याच घरात. एक मोठा माणूस दिवसाकाठी साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. एक किलो लेट्यूसमध्ये कोरडा भाग असतो फक्त ५० ग्रॅम, बाकी पाणी. त्या ५० ग्रॅममधला कार्बन गोळा करायला ७५-८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पुरतो. म्हणजे तुमच्या एकट्याच्या एका दिवसाच्या श्वासात बारा किलो लेट्यूसचा कार्बन आहे! दार लावून एसी चालू असलेल्या बेडरूममध्ये दोन माणसं झोपली की पहाटेपर्यंत प्रमाण दोन हजारांच्या आसपास जाणं काही विशेष नाही. सकाळी डोकं जड वाटतं, त्याला बंद खोलीतली हीच हवा कारण असू शकते. मीटर आणलंत की एक रात्र ते तुमच्या उशाशी ठेवा. रोपांच्या खोलीत मोजण्याआधी हे करा, असं मी मुद्दाम सांगते.

माझी सूचना अशी. दिव्यांची वेळ बदला. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ करा. सगळी माणसं घरात असतात तेव्हाच झाडं जेवू देत. रात्री बाहेर गारवा असल्याने एसीवरचा भारही कमी होईल. रोपांच्या खोलीचं दार उघडं ठेवा आणि उंबऱ्याशी एक छोटा पंखा असा लावा की पॅसेजमधली हवा आत जाईल. बेडरूमचं दारही फटीएवढं उघडं ठेवा, तिथली कोंडलेली हवा बाहेर पडेल आणि तुम्हालाही बरी झोप लागेल. उजेड घरात येत असेल तर रॅकला जाड पडदा लावा, वरून-खालून वीतभर मोकळा. मग दिवे लागताना, दोन तासांनी, मध्यरात्री आणि दिवे बंद होण्याआधी, असा चार वेळा मीटरचा आकडा लिहून ठेवा. तो ५०० ते ८०० मध्ये राहिला, तर वायूच्या बाबतीत तुम्हाला काहीही करायचं नाही. ३५० च्या खाली गेला, तर झाडं खरोखर हवा संपवतायत. अशा वेळीही पहिला उपाय जास्त हवा आत घेणं हाच. त्यासाठी खिडकीचं फॉइल एका कोपऱ्यात कापून एक एक्झॉस्ट पंखा बसवता येईल.

सिलिंडर लावणारे मूर्ख असतात असं मी म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या पेर्निसच्या रिफायनरीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड २००५ पासून पाइपलाइनने वेस्टलँडच्या काचघरांना पुरवला जातो. त्याआधीपासून तिथले शेतकरी नैसर्गिक वायूच्या बॉयलरमधला धूर शुद्ध करून टोमॅटोला देत आलेत. तिथे थंडी आहे, काचा मिटून ठेवाव्या लागतात, आणि आतली झाडं हवेतला कार्बन खाऊन संपवतात. आपल्याकडे तळेगावच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये जाऊन बघा, कडेचे पडदे वर गुंडाळलेले असतात, कारण उष्णता बाहेर काढायची असते. तिथे वायू सोडणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. खरोखर बंद, व्यापारी खोली असेल, माणसं तिथे झोपत नसतील, उजेड लेट्यूसला सांगितला त्याच्या दुप्पट असेल, तापमान, खत, आर्द्रता सगळं काबूत असेल, तर ८०० ते १००० पीपीएमचा विचार करावा. तेव्हाही सिलिंडर खोलीबाहेर, सावलीत, भिंतीला साखळीने बांधून उभा हवा. मीटरच्या आकड्यावर चालणारा व्हॉल्व्ह लागतो. टायमरवर सोडलेला वायू मोजल्याशिवायच सुटत राहतो. वायू फक्त दिवे चालू असताना सोडायचा, एक्झॉस्ट चालू असेल तेव्हा बंद, आणि धोक्याची घंटा वेगळी, त्या मीटरवर अवलंबून नसलेली. तुम्हाला सांगितलेल्या सेटमध्ये टायमर आहे, मोजून बंद करणारं यंत्र नाही आणि घंटाही नाही. चाळीस हजारांत सुरक्षिततेवर एक रुपयाही खर्च झालेला दिसत नाही.

राहता राहिलं केशर. त्याला तर गॅस मुळीच लागणार नाही. केशराचं फूल येतं ते कंदात साठवलेल्या अन्नावर. म्हणूनच मातीशिवाय, पाण्याशिवाय, नुसत्या ट्रेमध्ये ठेवलेल्या कंदांतूनही फुलं येतात. त्या काळात पान जवळजवळ नसतंच, मग वायू खाणार कोण? तिथे खेळ तापमानाचा आहे. कळी कंदात तयार व्हायला उन्हाळ्यात २३ ते २७ अंश आणि नंतर फुलायला १७ च्या आसपास. काश्मीरमधल्या पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते निसर्गतः मिळतं, चिंचवडला एसीच्या बिलातून. एक ग्रॅम सुक्या केशराला दीडशेच्या वर फुलं लागतात. फुलं खुडल्यावर खरं काम सुरू होतं, ते जाहिरातीत कुणी सांगत नाही. पुढचे काही महिने पानांना भरपूर उजेड देऊन मातीत किंवा कोकोपीटमध्ये नवे कंद पोसावे लागतात. ते केलं नाही तर दर वर्षी कंद विकत घ्यावे लागतील. तुमच्या सध्याच्या ट्यूबखाली कंद पोसले जाणार नाहीत, तेव्हा लेट्यूसचा गड्डा दीडशे ग्रॅमचा होईपर्यंत केशराच्या भानगडीत पडू नका. नंतर घ्यायचेच असतील, तर मोजून आठ-दहा ग्रॅमच्या वरचे कंद मागा. त्याहून लहान कंदांना बहुतेक वेळा फूल येत नाही, आणि विकताना मोठ्या कंदांत तेच मिसळलेले असतात.